बैल, विळा, घागर

विसरभोळेपणाचं तुम्ही मला काय सांगता, माझीच फजिती ऐका! रक्तातली साखर वाढली की म्हातारपणी विसर पडतो का, हे तपासायला मी एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला दर बाजाराच्या दिवशी सोनपेठला जायचो. एका आजीला म्हटलं, "बैल, विळा, घागर. ध्यानात ठेवा, पाच मिनिटांनी विचारतो." तेवढ्यात परभणीची शेवटची एसटी लागली अन् मी पळालो.

पुढच्या बाजाराला आजी दारातच उभी. "बैल, विळा, घागर! आठ दिस झाले घोकायले मी. विसरंल म्हून देवाचं नावबी घेतलं न्हाई. आता सोडू का?"

"सोडा, आजी," मी ओशाळून म्हटलं.

"बरं. अन् डाक्टर, आधी तुमची साखर तपासा!"