निबंधातली आंबा बर्फी

सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग होती. सुमतीबाईंच्या हातात विजेचं बिल होतं, पण कान मात्र पुढे उभ्या असलेल्या आजोबा-नातीकडे लागले होते.

"अमेरिकेतली आठ कॉलेजं काढली होतीस. मग हेच का?"

"आबा, इंटरनॅशनल रिलेशन्सला बाकीची सगळी देशांच्या भांडणावर निबंध मागतात. हे एकच म्हणतं, तुम्ही स्वतः मिटवलेलं भांडण लिहा."

"तू कुठलं मिटवलंस?"

"तुमचं आणि वरच्या देवस्थळी आजोबांचं."

"त्याच्या कुंड्यांचं पाणी अकरा वर्षं माझ्या स्कूटरवर पडतंय. आज सकाळीही पडलं."

"निबंधात थांबलंय. तुम्ही आंबा बर्फी घेऊन वर गेलात."

"मी गेलो? तो खाली आला असं लिही."

"त्यांना जिना उतरवत नाही. दिवाळीत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही त्यांचं नाव काढू देता का घरात?"

"बरं. पाठवलास निबंध?"

"नाही. उद्या शेवटची तारीख आहे, आणि खोटं पाठवायचं नाहीये मला."

आजोबा मागे वळले.

"बाई, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला आधी बर्फी घ्यायची आहे, एकला दुकान बंद होईल."

"पाव किलो पुरे हं, आबा."

"अर्धा किलो घे. पाव किलो तर देवस्थळी एकटा खातो."