दोनशे घोडे अन् माझा डावा पाय

अन् मग डाव्या पायाचं काय करायचं, ते सांगा ना मला! सत्तावीस वर्षं किल्लारी ते लातूर जीप चालवली मी, सिद्धेश्वर जीपवाला म्हणलं की औशापर्यंत लोकं हात करतेत, अन् आमच्या जावयानं, संगमेशनं, गाडी आणली ती कशी? लालभडक, दोनशे घोड्यांची ताकद, सुसाट... अन् क्लचच न्हाई! गेर आपोआप पडतेत म्हणे! म्हणलं, "जावईबापू, एवढी ताकदीची गाडी, तिचा लगाम आपल्या हातात नको का?" तर हा गोड हसून, "मामा, तुम्ही एक गेर टाकेपर्यंत ही तीन टाकून मोकळी होती. रेसच्या गाड्या बी आता अशाच असतेत." असतील! पण डाव्या पायाचं काय करायचं?

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी दुपारी ह्याच्यावरूनच आमचं जुंपलं होतं. पोरगी वर्षाराणी बाळंतपणाला आमच्याकडंच, अजून तीन आठवडे बाकी. तेवढ्यात आतून आमची नागम्मा ओरडली, "अवो, पाणी गेलं पोरीचं! उठा!" जावई पळत आत गेला, बायको कण्हताना बघितली अन्... पांढराफटक! भिंतीला टेकून खालीच बसला. "मामा, मला गरगरायलंय." घ्या! अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन उमरग्याला गेलेली. अन् माझी जीप? गॅरेजात, क्लचप्लेट काढून ठेवलेली!

मग काय, मागच्या सीटवर नागम्मा अन् पोरगी, शेजारी जावई, त्याला पट्ट्यानं बांधला, अन् त्या लाल गाडीच्या स्टेअरिंगवर मी. जावई डोळे मिटूनच पुटपुटला, "दांडा डी वर टाका मामा, ब्रेक सोडा. बस्स." बस्स म्हणे!

लातूरच्या वाटेवर लामजन्याच्या अलीकडं आला स्पीडब्रेकर. सत्तावीस वर्षांची सवय हो! डावा पाय गेला क्लच दाबायला... क्लच कुठाय तिथं? ब्रेक! गाडी जागच्या जागी गचकन थांबली, आम्ही सगळे पुढं! मागून नागम्मा, "अवो, पोरगी हाय गाडीत, सोयाबीनचं पोतं न्हाई!" वर्षाराणीनं माझ्या सीटची पाठ आवळली, "अप्पा, लवकर..." एवढंच म्हणली. म्हणलं, आता ह्या डाव्या पायाचं काय करायचं? उचलला अन् मांडी घालून सीटवरच घेतला! पंगतीला बसल्यावानी अर्धी मांडी घालून दोनशे घोडे हाकायलो मी!

पण पाय आवरला, हाताचं काय? औशाच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, बाजूला सरकंना. समोर रस्ता मोकळा दिसला, काढली गाडी बाहेर, अर्ध्यात आलो... अन् वळणावरनं ट्रक! आता जीपला अशा टायमाला गेर बदलला की ती खेचती, म्हणून हात आपोआप गेला अन् दांडा पुढं ढकलला... इंजिन बोंबललं, पण गाडीत जीवच न्हाई! न्यूट्रल! ट्रक हॉर्नवर हॉर्न, डाव्या अंगाला उसाची भिंत, मागं व्हावं तर माझी जागा दुसऱ्या गाडीनं बुजवलेली. मी देवाचं नाव सुदिक विसरलो. अन् त्या पांढऱ्याफटक जावयात कुठनं जीव आला, त्यानं फाडकन माझ्या हातावर चापट मारली, सासऱ्याच्या!, दांडा मागं ओढला, "हात काढा मामा! दाबा!"

दाबलं. तुम्हाला सांगतो, गाडीनं गेर कधी टाकले, किती टाकले, मला कळलं बी न्हाई, पाठ सीटला चिकटली अन् ट्रॅक्टर मागं! ट्रकवाल्याची शिवी मात्र अख्खी ऐकू आली.

ट्रक गेला, अन् मग ध्यानात आलं, पोरीचं कण्हणं थांबलेलं, अन् त्याचंच जास्त भ्याव वाटायलं. "नागम्मा, पोरगी शुद्धीत हाय ना?" "हाय, हाय, तुम्ही म्होरं बघा!" आवाज रडका होता तिचा.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटाला मशीन लावलं, म्हणल्या, "बाळाचे ठोके कमी व्हायलेत, लगेच ऑपरेशन." मी अन् जावई बाकड्यावर. चाळीस मिनिटं! एकमेकाचा हात तेवढा धरलेला, कुणी कुणाचा धरला देव जाणे. दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या. "मुलगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत." जावई माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला... मी बी रडलो, काय लपवायचं तुमच्यापासनं?

इथं संपावं का न्हाई? पण न्हाई! चौथ्या दिवशी पाळण्यापाशी जावई म्हणतो, "मामा, तुमचं खरं होतं. ही गाडी देऊन टाकतो, गेरवाली घेतो. तुम्हाला सोपी जाईल." मी ताडकन, "खबरदार! ह्या गाडीनं नात आणली माझी! माझ्या हातात गेर असता तर त्या ट्रकखाली असतो आपण!" "न्हाई मामा, गेर माणसाच्याच हातात पाहिजे." "अन् डाव्या पायाचं काय करायचं, ते शिकलोय आता मी!" आवाज चढले, नर्सबाई धावत आली. वर्षाराणीनं शांतपणे डोळे उघडले. "अप्पा, तुम्ही दोघं ज्या गाडीत, त्या गाडीत मी बसणार न्हाई."

वाटलं, रागानं म्हणली. तर न्हाई हो! दवाखान्यातनं सोडलं तसं पोरगी लेकराला घेऊन, नागम्मासंगं रिक्षात बसली अन् लातुरातच मावशीच्या घराकडं निघाली. अन् आम्ही सासरा-जावई? दोनशे घोडे घेऊन त्या रिक्षाच्या मागं मागं... वीसच्या स्पीडनं!