वास गेला कुठं?

बुधवार पेठेतल्या फिल्टरच्या दुकानात माझ्यापुढे धायरीची एक सून आणि तिचे सासरे उभे होते.

"टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून मामंजी आजच गावी निघालेत. तेच पाणी बाटलीत आणलंय. ह्यातून गाळून दाखवा."

"आत काय घातलंय, मालक?"

"कोळसा."

"चुलीतला?"

"नारळाच्या करवंटीचा. चुलीतला असता तर मी चहा विकला असता. हं, प्या आता."

"आं? वास गेला कुठं?"

"कोळशानं धरून ठेवला."

"समदा?"

"विश्वास नसेल तर परत हुंगा."

"शर्मिला, एवढं गुणाचं हाय हे, आन् आपण जन्मभर जाळत बसलो गं!"

"मग संध्याकाळची एसटी, मामंजी?"

"जाऊ दे तिला. मालक, अजून एक गिलास द्या."