ज्वारीच्या गाडीपुढं

—नाही भाऊ, सभेत बोलायला मी नाही येणार. बसा, पाणी घ्या, पण युनियनात सांगा, धुरपदाबाई नाही म्हणाली. बोलू तरी काय? बायकांनी गाडी अडवली, ज्वारी मिळाली – ते तर बठ्ठ्या जळगावला माहीत शे.

तिकडं इंग्रजांची लढाई सुरू झाली तशी ज्वारी महागतच गेली, या उन्हाळ्यात तर दुकानात दिसेना. गिरणी सुटली की आम्ही रांगेत, आणि शेठ म्हणणार, माल संपला. पोरं कण्यांवर – कण्या तरी कुठल्या, चिंचोके भाजून – जाऊ द्या. तर गिरणीत सूत गुंडाळायच्या रिळावर माझ्या शेजारी रईसा असते, तिनं पाहिलं, शेठच्या वखारीत गाडीवर गोण्या चढताहेत, स्टेशनावर न्यायला. म्हणाली, अक्का, ज्वारी बाहेरगावी चालली. दुपारच्या सुट्टीत आम्ही बठ्ठ्या निघालो, लेकरं कडेवर, माझी तान्ही गोदाही – ठेवणार कुठं? – आणि स्टेशनच्या रस्त्यात बसलो.

गाडी आली. हाकणारा कोण? गोदाचा बाप. माझा नवरा, हो, शेठकडेच गाडीवर होता ना. मागून दिवाणजी ओरडतोय, हाक, हाक, उठतात सगळ्या. आणि बायका खरंच उठायला लागल्या – बैल मोठे होते, भाऊ. तेव्हा मी गोदाला पुढं निजवलं. धुळीत, बैलांच्या पायांपुढं. आणि बाजूला झाले. बाजूला म्हणजे – जरा मागं.

त्यानं कासरा ओढला. उतरला, जू सोडलं, बैल घेऊन निघून गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग पोलीस आले, मामलेदार आले, आणि दिवस मावळायच्या आत त्याच गोण्या सरकारी भावानं आम्हाला वाटल्या. घरोघर भाकरी झाल्या. आमच्याकडेही. तो ताटावर बसेना. म्हणाला, "बैल थांबले नसते तर?" मी सांगितलं, गाडीवर कोण आहे ते बघूनच ठेवलं पोरीला. तर म्हणतो, "मला ओळखलंस कधी? आधी, का मागून?"

– ऊन होतं, भाऊ. डोळ्यांवर येत होतं. काय दिसतं अशा उन्हात?

आता दोंडाईच्याला कापसाच्या जिनात असतो. शेठनं कामावरून काढलं म्हणून गेला, असंच सांगते मी सगळ्यांना. काढलंच होतं, ते काही खोटं नाही.

तुम्ही रईसाला न्या. ती चांगलं बोलते, तिला सगळं आठवतं. माझ्याकडे असं बघू नका. उठा आता. पाळीची वेळ झाली.