माझं इंटरेस्टिंग रक्त

...आणि वर म्हणतात काय, तर घाबरायचं काही कारण नाही! अहो, घाबरायचं कारण नसताना हे वाक्य मला आजवर कुणी ऐकवलंय का? दात उपटणारा म्हणतो, लिफ्ट मध्येच अडकली की वॉचमन म्हणतो, आणि आई म्हणाली की पाठोपाठ काहीतरी वाईट बातमी ठरलेलीच. पण या समर स्कूलमध्ये तर पहिल्याच दिवशी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं होतं! मोठ्या अक्षरांत! मी तिथेच अर्धी झाले. तरुण वैद्यकीय संशोधकांसाठी निवासी समर स्कूल. निवासी म्हणजे काय, तर पळून जाता येत नाही.

तुम्हाला सांगते, माझं संशोधन रक्तावरच आहे, खोटं कशाला बोलू, पण ते कॉम्प्युटरमधलं रक्त! नुसते आकडे. इतक्या लाल पेशी, तितक्या पांढऱ्या. ते रक्त सांडत नाही, त्याचे डाग पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते माझं नसतं. आमचे गाईड म्हणाले, "जा, जरा खरं रक्त बघून ये." म्हणाले असे, की मी जणू पेठेत चाललेय आणि येताना कोथिंबीर आणायचीय.

तर इथले प्रमुख सर. सदा आनंदी. सकाळी सकाळी आनंदी असणाऱ्या माणसांची मला फार धास्ती वाटते, ते जाऊ दे... तर पाचव्या दिवशी सर म्हणाले, "मित्रांनो, आजार ओळखायचा तर आधी निरोगी माणूस बघावा लागतो. आणि निरोगी माणसं आपल्याकडे आयतीच आहेत!" मी मागे वळून पाहिलं, म्हटलं कोण आलंय. कोण येतंय! निरोगी माणसं म्हणजे आम्ही! आमच्यातले जे डॉक्टरकी शिकून आलेत त्यांनी बाकीच्यांचं रक्त काढायचं, मग ज्यानं त्यानं आपला थेंब काचेच्या स्लाईडवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली आपल्याच पेशी बघायच्या. "घाबरायचं काही कारण नाही!" असं म्हणून सर सुयांचा डबा उघडत होते. काय बोलायचं?

माझ्या वाट्याला आली माझी रूममेट. सगळे तिला टॉपर म्हणतात आणि ती कुणालाच नको म्हणत नाही. म्हणाली, "हात दे."

मी म्हटलं, "दुखेल का गं?"

म्हणाली, "मला नाही."

काढलं. नळी भरली. आमच्या गटाचा नंबर दुपारचा, तोवर नळी फ्रीजमधल्या स्टँडवर ठेवायची होती. आता मला सांगा, एकच स्टँड, त्यात सगळ्यांच्या नळ्या, सगळ्यांचं रक्त लालच, त्यात माझं लेबल ओलं होऊन सुटलं म्हणजे? माझं म्हणून भलत्याचंच रक्त आलं म्हणजे? छे छे! मी आपली नळी उचलली आणि ठेवली एप्रनच्या आतल्या खिशात, छातीशी. तळहाताच्या फोडासारखी जपली हो! तिला घेऊन व्याख्यान ऐकलं, तिला घेऊन जेवले, तिला घेऊन भर उन्हात ग्रुप फोटोला उभी राहिले. त्या फोटोत मी छातीवर हात ठेवून ताठ उभी आहे, राष्ट्रगीत चालू असल्यासारखी.

दुपारी स्लाईड केली. बघितली. मला काय कळतंय? गुलाबी रांगोळी आणि त्यात जांभळे ठिपके. म्हटलं, छान आहे की आपलं रक्त! तेवढ्यात सर आले, वाकले, आणि वाकूनच राहिले. फिरवतायत, मागे-पुढे करतायत... आणि मग म्हणाले, "अरे वा! इंटरेस्टिंग!"

तुम्हाला सांगते, सिनेमा इंटरेस्टिंग असावा, शेजारी इंटरेस्टिंग असावेत, फार तर नवरा असावा. रक्त असू नये! रक्त कसं, कंटाळवाणं असावं.

"सर, काय इंटरेस्टिंग?"

"घाबरायचं काही कारण नाही!" आणि हाक मारली ना त्यांनी सगळ्यांना! "या, या, असं रोज बघायला मिळत नाही!" रांग लागली हो! जो तो वाकतोय, "बाप रे" म्हणतोय आणि माझ्याकडे बघून घाईघाईनं हसतोय. एक जण मोबाईल लावून फोटो काढत होता. मला विचारतो, "माझ्या प्रेझेंटेशनमध्ये टाकू का? तुमचं नाव नाही येणार." अरे, मी आहे अजून! मग टॉपरनं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि हात पुसत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पाणी आणू का तुला?"

संपलं! चार दिवस जी बाई मला घाबरट सोडून दुसरी हाक मारत नव्हती, ती पाणी आणू का विचारते? मी म्हटलं, "खरं सांग, काय दिसलं?"

"पेशींची केंद्रकं तुटल्यासारखी आहेत. पोटात भोकं आहेत."

"कुणाच्या पोटात?"

"अगं, पेशींच्या! पण त्यावरून काही सांगता येत नाही. रक्तविकारांच्या मॅडम येतायत चहानंतर, त्या सांगतील. तोवर तू काही वाचू नकोस."

मी काय वाचू नको? मी रोज तेच टाइप करते! माझ्या तक्त्यात एकेक ओळ म्हणजे एकेक पेशंट. वय, पेशी, अमुक, तमुक, आणि शेवटच्या रकान्यात, तो माणूस किती महिने जगला. ते रकाने मी वर्षभर चहा पीत पीत भरले हो. बिस्किट बुडवत. आणि आता जिन्याच्या पायरीवर बसले, डोळे मिटले, तर समोर तोच तक्ता, त्यात एक नवी ओळ, वय माझं, आणि शेवटचा रकाना रिकामा... मी डोळे उघडले. मिटायचेच नाहीत म्हटलं.

आईला फोन लावला. म्हटलं, "आई, आपल्यात कुणाला रक्ताचं काही होतं का गं?"

"तुझी आत्या. पिते सगळ्यांचं. का गं? जेवलीस का?"

"जेवले. काही नाही, माझं रक्त जरा... इंटरेस्टिंग आलंय."

"मग चांगलंय की!"

"हो ना. घाबरायचं काही कारण नाही."

असं मीच म्हणाले! आणि तिनं बरोबर ओळखलं. कारण त्या वाक्याची खरी मालकीण तीच ना! मग अगदी हळू म्हणाली, "मी निघू का?" मला रडूच आलं. म्हटलं नको, थांब, आणि फोन ठेवला.

मॅडम आल्या. हातात चहाचा कप, तो खालीसुद्धा ठेवला नाही, एका डोळ्यानं बघितलं आणि म्हणाल्या, "कधी काढलंय हे?"

"सकाळी."

"ठेवलं कुठे होतंस?"

"खिशात."

"कसल्या खिशात?"

"एप्रनच्या... आतल्या. छातीशी."

"दिवसभर? जेवतानाही?"

"हो. आणि फोटोला."

मॅडमनी आता कप खाली ठेवला. "अगं बाई माझे, नळीतल्या पेशी जिवंत असतात! तू त्यांना दिवसभर ऊब देत उन्हातान्हात हिंडवलंस? त्या आजारी नाहीत गं, उकडून मेल्यात!"

"मग मी?"

"तुझं आता बघू. हात दे."

पुन्हा सुई, पुन्हा थेंब. लगेच स्लाईड, लगेच रंग. तो रंग वाळेपर्यंत मी जेवढे देव आठवले तेवढे बारावीच्या निकालालाही आठवले नव्हते! मॅडम वाकल्या. मी त्यांच्या मानेकडे बघतेय. मान हलली तर काय, नाही हलली तर काय...

"नॉर्मल."

"नक्की?"

"इतकं नॉर्मल आहे की जांभई येतेय मला."

आणि तुम्हाला सांगते, रांग पांगली! एका मिनिटात! सर म्हणाले, "अरेरे." अहो, अरेरे काय? मी वाचले ना! टॉपर म्हणाली, "ए घाबरट, सरक, माझी स्लाईड लावायचीय." पाण्याचं नावसुद्धा नाही. मला मात्र मिठीच मारावीशी वाटली तिला.

पण सर कसले गप्प बसतात! ती पहिली स्लाईड उचलली, पुसली, म्हणाले, "ही आता इथेच राहणार. दर वर्षी नवीन मुलांना दाखवू." कपाटातून एक लाकडी पेटी काढली, तिच्यावर लिहिलं होतं 'चुका', आणि तिच्यात माझी स्लाईड ठेवून दिली. वर चिठ्ठी, आडनावासकट! लोक शास्त्रात नाव व्हावं म्हणून हाडं झिजवतात, माझं झालं ते असं.

लगेच आईला फोन केला. सगळं सांगितलं, खिसा, ऊन, पेटी, सगळं. ती आधी रडली, मग नाक पुसलं, आणि मी ठेवते म्हणेपर्यंत तिनं दुसऱ्या फोनवरून आत्याला लावलासुद्धा. मला इकडे स्पष्ट ऐकू येतंय, "अहो वन्सं, एवढ्या मुलांमधून संस्थेनं आमच्या हिचंच रक्त ठेवून घेतलं!"

त्या फोनवरून आत्या मलाच विचारतायत, "खरं का गं?" आता काय सांगू त्यांना? म्हटलं, हो आत्या. घेतलं ठेवून.