कल्याणची घागर एडनला

माझ्या अप्पांना तुम्ही कर्मठ म्हणता ना, मग हे ऐकाच.

आमचे हे एडनला नोकरीला, म्हणून मला नि तान्ह्याला पोचवायला अप्पा आगबोटीनं आले. समुद्र ओलांडला म्हणून गावानं वाळीत टाकलं, तर माझ्या धाकट्या बहिणीला कोण करून घेणार? मी तसं बोलूनही दाखवलं. अप्पा म्हणाले, "पाणी घरचंच प्यायलं, तर कोण बाटवतो बघू!" तोंडं बांधलेल्या घागरी घेतल्या नि परतीसाठी एक भरलेली राखली.

तिथे अप्पांचे बालमित्र सदुभाऊ राहत. घागर डोळ्यांआड करायला अप्पा तयार नव्हते, म्हणून भेटीलाही ती बरोबर.

"हे काय रे, गणू?"

"कल्याणचं पाणी. आमच्या विहिरीचं."

सदुभाऊंचे डोळे भरून आले. "अगं, ऐकलंस का? कल्याणचं पाणी आलंय!"

त्यांच्या बायकोनं शेजारणींना हाका मारल्या. बघता बघता आपल्याकडची सगळी माणसं दारात. जो तो तीर्थासारखं ओंजळीत घेई, डोळ्यांना लावी.

मी अप्पांच्या कानाशी लागले, "अहो अप्पा, परतीचं पाणी!"

"गप गं. त्या म्हातारीला दे आधी."

घागर रिकामी झाली, तेव्हा सदुभाऊ ओशाळले. "गणू, आता तू काय पिणार रे?"

अप्पांनी घागरीत वाकून पाहिलं. मग पाटावर ऐसपैस मांडी घातली.

"बाटायचंच, तर नुसत्या पाण्यानं कशाला? चहा टाका!"