पयल्या डावात कोथिंबीर

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा, चौदा माणसांचा घरचा ग्रुप, त्यातला एक मी, ऱ्हायले तेरा, तेरा जणांच्या हातात फोन, हाताला धा-धा बोटं, आन त्यातलं एक बी बोट "वा बाबा" म्हणून उठू ने? निळ्या खुणा दिसत्यात की मला! बघितलंय सगळ्यांनी, बोललं न्हाई कुणी!

बसा, सांगतो. तुमाला घाई असंल तर असू दे, मला कुठं जायचंय?

तर मी आकाराम, आष्ट्याचा. बावीस वर्सं कुपवाडला कारखान्यात लेथ मशीनवर काढली, आता रिटायर. आमची मंगल लेकीच्या बाळंतपणाला लोणंदला गेली, म्हणाली, "आवं, दोन म्हैन्यात येते की!" त्याला नऊ म्हैने झालं. नातू रांगत उंबऱ्यापतूर आला, पर त्याची आज्जी काय आष्ट्याकडं सरकंना! आन लेक, स्वप्नाली, तिनं माझ्या फोनात हे शब्दाचं कोडं घातलं. "बाबा, रोज एक शब्द ओळखायचा, डोकं चालू ऱ्हातंय." डोकं चालूच हाय गं बाई, तोंड बंद पडलंय!

कोडं सोपं हाय. चार अक्षरांचा शब्द, सहा डाव. अक्षर जागेवर बसलं की चौकोन हिरवा, अक्षर हाय पर जागा चुकली की पिवळा, न्हाईच तर काळा. सुटलं की नुसते रंगीत चौकोन सगळ्यांस्नी पाठवायचे, अक्षरं दिसत न्हाईत, म्हंजी उत्तर फुटत न्हाई. मी रोज पाठवायचो. रोज! आन रोज तेच... बघितलंय सगळ्यांनी, बोललं न्हाई कुणी!

माझा पयला शब्द ठरल्याला. कोथिंबीर. का? आवं, एकट्याच्या भाजीला जुडी आणली तर आठ दिस संपत न्हाई, सकाळी फ्रीज उघडला की तीच दिसती, दुसरं सुचणार काय? आन त्या मंगळवारी, तुमाला सांगतो, 'को' हिरवं... 'थिं' हिरवं... 'बी' हिरवं... 'र' हिरवं! पयल्या डावात! मी तसाच बनियनवर दारात पळालो. समोर भामाबाई अंगणात सडा मारत हुत्या. म्हटलं, "भामाबाई, कोथिंबीर!" तर म्हणत्यात कशा, "न्हाई ओ भाऊजी, माझी बी कालच संपली."

बरं म्हटलं, घरच्यांस्नी कळंल. ग्रुपवर चार हिरवे चौकोन टाकले, खाली हातानं लिहिलं, 'पयल्या डावात.' आन चार मिनटात स्वप्नालीचा फोटो... बाळाला दात आला! झालं! बदामांचा पाऊस! आमचा पोरगा दिग्विजय, फौजेत हाय, एरवी म्हैनाभर त्याला रेंज नसती, त्याला बी नेमकी दाताला रेंज आली! दाताबद्दल माझं काय म्हणणं न्हाई हां, येऊ द्यात, बत्तीस येऊ द्यात, मी बी बदाम टाकला. पर माझे चौकोन त्या दाताखाली पार चेंगरून गेलं की!

सांजच्याला मंगलचा फोन. "आवं, दूध तापवलं का? गॅस बंद केला का?" म्हटलं, "मंगल, आज गंमत झाली, पयल्याच डावात..." "आवं थांबा थांबा, बाळ उठलं!" फोन बंद.

मग मी बी ठरवलं. आता पाठवायचंच न्हाई. बघू कोण इचारतंय. बुधवार गेला. गुरुवार गेला. शुक्रवारी वाटलं फोनच बिघडला असंल, भामाबाईंस्नी मिस कॉल द्यायला लावला... वाजला की, ठणठणीत!

आन शनिवारी सकाळी दारात फटफटी थांबली. नानासो! माझ्या शेजारच्या लेथवरचा गडी. एकदा पाठवताना चुकून त्याच्या नावाला बोट लागलं, त्यानं अंगठा टाकला, मग त्याला बी रोज पाठवायचो. अंगठ्याच्या पुढं बोलणं न्हाई. लेथच्या आवाजात कुठं काय ऐकू यायचं? बावीस वर्सं अंगठ्यावरच भागवल्याली.

हेल्मेट न काढताच वरडला, "जित्ता हाईस व्हय रं?"

"हाय की."

"मग चौकोन का बंद केलंस? चार दिस झालं! सुनंला म्हटलं, आकाराम गेला का काय बघून येतो. कुपवाडापासनं एका दमात आलोय, कंबर ऱ्हायली न्हाई माझी!"

हेल्मेट काढून त्यानं मला खांद्याला धरून हलवून बघितलं. आन माझ्या डोळ्यात... जाऊ द्या, धूळ असंल.

च्या ठेवला. इचारलं, "नाना, तुला कळतंय व्हय त्या चौकोनातलं?"

"न कळायला काय झालं? तू प्लॉट इकाय काढल्यात! हिरवा म्हंजी गेला, पिवळा म्हंजी बोलणी चाललीत, काळा म्हंजी भानगडीचा!"

"आरं, मग कधी इचारलं का न्हाईस?"

"इचारलं असतं तर एखादा माझ्याच गळ्यात मारला असतास!"

हसलो मंडळी, नऊ म्हैन्यात पयल्यांदा, ठसका लागंपतूर हसलो. दुपारी पिठलं केलं, दोन ताटं काढली. मग त्याला कोडं समजावलं, त्याच्या फोनात घालून दिलं... हीच चूक झाली बघा!

आता रोज सकाळी सहाला फोन. "आक्या, काय रं! सुटलं! आजचा शब्द पायताण!"

"आरं सांगू नगंस रं, मी अजून उघडलं बी न्हाई!"

"आता सांगितलं की! बरं, च्या झाला का?"

किती सांगितलं, नाना, उत्तर फोडू नगंस, दिवसभर मी काय करू मग? ऐकतच न्हाई गडी! कोडं गेलं माझं. पर फोन मातूर उचलतो, पयल्या रिंगला उचलतो. काय करणार? दिवसातलं पयलं 'काय रं' त्याचंच असतंय...

आन शेवटचं बी.